पिवळा खडू

आमच्या कामात प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावी लागते. प्लेट कुठून आली, सांधा कोणी मारला, कधी तपासला, पास कोणी केला, सगळं हार्ड डिस्कवर असतं. फक्त त्या सांध्याभोवती माणसं काय बोलली, कोण कुणावर ओरडलं आणि कोण गप्प बसलं, याला फॉर्ममध्ये रकाना नाही. मग ते जातं कुठे? माझ्या डोक्यात! बावीस वर्षं झाली. आता तिथेही जागा उरली नाही, म्हणून सांगते.

अंबडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. पुलांचे लोखंडी गर्डर बनतात. वेल्डर प्लेटा जोडतात आणि मी ते सांधे तपासते. पूर्वी हातात तपासणीचा प्रोब धरून तासन्‌तास बसायचे. आता मशीन आलंय. चुंबकाच्या चाकांची छोटी गाडी सांध्याच्या कडेने सरकत जाते, लोखंडात आवाज सोडते, आत कुठे पोकळी किंवा चीर असली की तिथून तो आवाज परत येतो आणि स्क्रीनवर लाल डाग उमटतो. मग मी पिवळ्या खडूने त्या जागी दोन रेघा मारते. दोन रेघांच्या मधलं सगळं उकरायचं आणि पुन्हा भरायचं. याला आमच्याकडे रिपेअर म्हणतात.

पिवळा खडू शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या शेडमध्ये, फक्त माझ्याकडे असतो. बाकीच्यांनी पांढरा वापरायचा, हा नियमच आहे. मी शहरातल्या द्वारका चौकातून स्कूटरवर येते. आमचे फोरमन सोनवणे म्हणतात, "द्वारकेच्या चौकात पाऊण तास अडकलेल्या बाईच्या हातात पिवळा खडू देणं हेच मुळात चुकीचं आहे!"

मी त्यांना एवढंच म्हणते, मग चौकात पूल बांधा.

*

मशीन आलं त्या दिवशी अर्थातच पूजा झाली. हार, हळदकुंकू, उदबत्ती, सगळं साग्रसंगीत. मशीनवाल्या कंपनीचा इंजिनिअर बंगळुरूहून आला होता. बिचारा कौतुकाने फोटो काढत होता.

नारळ फोडायला दगड सापडेना. सोनवण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर मखमली पेटीत एक छान गुळगुळीत लोखंडी ठोकळा ठेवलेला होता. त्यांनी तो उचलला, जमिनीवर ठेवला आणि "गणपती बाप्पा" म्हणत नारळ त्यावर आपटला!

तो कॅलिब्रेशनचा ठोकळा होता. त्यात ठरलेल्या खोलीवर ठरलेल्या मापाची भोकं असतात. रोज सकाळी मशीनला आधी ती दाखवायची. आपल्याला ठाऊक असलेला दोष ते बरोबर सांगतंय की नाही हे बघायचं आणि मगच ठाऊक नसलेले शोधायला पाठवायचं. साऱ्या मशीनचा खरेपणा त्या एका ठोकळ्यावर उभा. इंजिनिअर मटकन खुर्चीत बसला.

सोनवण्यांनी ठोकळा रुमालाने पुसला, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "काही झालेलं नाही साहेब. नारळ गोड निघालाय!"

ठोकळ्याला खरंच काही झालं नव्हतं. एका कोपऱ्यात नारळपाण्याचा डाग तेवढा राहिलाय. मी रोज सकाळी तो बघते.

*

मशीन आलं की त्याची परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी मुद्दाम दोष घातलेली एक प्लेट लागते. कुठे अर्धवट वितळलेलं, कुठे आत मळी राहिलेली, कुठे हवेचे बुडबुडे. असा वाईट सांधा मुद्दाम मारायचा, म्हणजे हातावर ताबा असलेला माणूस हवा. सोनवण्यांनी निवृत्ती गावितला बोलावलं.

निवृत्तीभाऊ पेठ तालुक्यातले. सोनवणे आणि ते एकाच वर्षी कामाला लागले. शॉपमध्ये प्रत्येक वेल्डरला नंबर असतो आणि त्या नंबरचा पोलादी पंच. सांधा संपला की शेजारी आपला नंबर हातोडीने ठोकायचा. निवृत्तीभाऊंचा नंबर चौदा. बाकीच्यांच्या सांध्यांवर मी खडू घेऊन फिरायचे, चौदा नंबरवर खडू खिशात ठेवून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हेल्मेट घातलं आणि वाईट सांधा मारला. मी स्कॅन केला. स्वच्छ!

"अहो निवृत्तीभाऊ, वाईट करायचाय."

"केला की. लय वाईट केला."

दुसऱ्यांदा मारला. तोही पास. तिसऱ्या वेळी मध्येच थांबले, हेल्मेट वर केलं, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, हे माझ्याच्यानं होणार नाय. हात वळतोच."

शेवटी सोनवणे माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही बसा. तुम्हाला वेल्डिंग येत नाही ना? मग उत्तम!"

मी बसले. अर्ध्या तासात पुस्तकात आहेत ते सगळे दोष आणि पुस्तकात नसलेले दोन मी त्या प्लेटमध्ये घातले. आजही मशीनची परीक्षा त्याच प्लेटवर होते. चौदा नंबरचा पंच तिच्यावर मारायला निवृत्तीभाऊंनी साफ नकार दिला. त्यांनी पांढऱ्या खडूने कोपऱ्यात 'म्याडम' असं लिहून ठेवलं.

*

आता जरा पोरकट किस्सा, पण खरा.

मशीनचा प्रोब आणि लोखंड यांच्यात ओलसर थर लागतो, नाहीतर आवाज आत शिरत नाही. त्यासाठी जेल येतं. एकदा जेल संपलं आणि दुसऱ्या दिवशी क्लायंटचे साहेब मुंबईहून येणार. मी वैतागून ओरडले तशी सोनवण्यांनी कॅन्टीनच्या मावशींकडून बादलीभर मैद्याची खळ करून आणली. पोस्टर चिकटवायला करतात तीच. नाक मुरडून लावली आणि खोटं कशाला बोलू, झकास चित्र आलं!

पुसायची मात्र राहिली. सकाळी साहेब आले तर गर्डरच्या सांध्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्यांची रांग. इकडे नाही, तिकडे नाही, बरोब्बर सांध्यावर!

साहेब वाकून बघत राहिले. "हे काय आहे?"

सोनवणे गंभीरपणे म्हणाले, "थर्ड पार्टी इन्स्पेक्शन, साहेब!"

*

मग पेठकडच्या पुलाची ऑर्डर आली. पूल लहानच, चार गर्डरांचा. तरीही निवृत्तीभाऊ त्या दिवशी स्वतःहून ऑफिसात आले आणि ड्रॉइंग बघू का म्हणाले. यापूर्वी त्यांनी कधी असं विचारलं नव्हतं.

त्यांच्या बहिणीचं गाव त्याच नदीपलीकडे. ते सांगत होते आणि बोटाने ड्रॉइंगवरची रेघ चाचपत होते. चार महिने पाणी असतं. बहिणीच्या सुनेला कळा आल्या तेव्हा चौघांनी झोळी करून तिला पाण्यातून अलीकडे आणलं होतं. "पोरगी वाचली. बाळ नाय." एवढं बोलून त्यांनी विचारलं, "मॅडम, माझा नंबर कुठल्या बाजूला येईल? वरून दिसंल का बहिणीला?"

मी सांगितलं की नंबर खालच्या बाजूला येतो, वर रंगाचे तीन हात बसतात, कुणालाच दिसत नाही.

"मग दिसायचाच नाय तर मारायचा कशाला?"

त्या दिवशी मी आधीच चिडलेली होते, काहीतरी फॉर्म अडला होता. पटकन बोलून गेले, "पूल पडला तर कोणी केला ते शोधायला."

त्यांनी ड्रॉइंगची घडी नीट घातली, टेबलावर ठेवली आणि गेले. जीभ चावली मी. पण तोंडातून गेलं ते गेलंच.

*

यापुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे आणि तो मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आमचा शॉप लांबलचक. एका अंगाला पांडवलेण्याचा डोंगर, दुसऱ्या अंगाला हायवे. त्यामुळे आमच्याकडे डावं-उजवं कोणी म्हणत नाही. "डोंगराकडची कड घास," "हायवेकडून उचल," असंच चालतं. सांध्याची मोजणीही डोंगराकडच्या कडेपासून सुरू करायची हे ठरलेलं. मुंबईच्या साहेबांनी एकदा रिपोर्ट वाचून फोन केला होता, "अहो, ड्रॉइंगमध्ये डोंगर कुठे आहे?"

पेठच्या पहिल्याच गर्डरवर, चौदा नंबरच्या सांध्यात मला लाल डाग दिसला. पहिल्यांदाच! मी दोनदा खात्री केली आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, डोंगराकडच्या कडेपासून बारा सेंटिमीटर. खडूची रेघ मारायच्या आत साहेबांचा फोन आला म्हणून ऑफिसात गेले. तेवढ्यात क्रेनवाल्याने खालची बाजू जोडण्यासाठी गर्डर उलटा केला. डोंगराकडची कड आता हायवेकडे आली होती. परत येऊन मी रिपोर्टमध्ये बघून डोंगराकडून बारा सेंटिमीटर मोजले आणि पिवळ्या रेघा मारल्या. चांगल्या सांध्यावर!

निवृत्तीभाऊ उकरायला बसले. काही सापडेना. आणखी खोल गेले. लख्ख लोखंड निघत होतं. दुपारचं जेवण सोडून माणूस उकरत राहिला, प्लेटच्या पार तळापर्यंत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन केला तेव्हा लाल डाग हायवेकडच्या कडेला तसाच दिसला आणि मला माझी चूक कळली. धावत गेले. म्हटलं, "अहो, काही सापडत नव्हतं तर थांबायचं ना! मला बोलवायचं! माझ्यावर ओरडायचं!"

ते म्हणाले, "तुमची रेघ होती, मॅडम. मला वाटलं दोष हाय, मलाच दिसंना."

मग खरी जागाही उकरून भरली. सोनवण्यांनी दोन जागी उकरलं म्हणून चौदा नंबरच्या नावावर दोन रिपेअर मांडल्या. एका ऑर्डरमध्ये तीन रिपेअर झाल्या की नंबर जातो. पंच जमा करायचा आणि ग्राइंडिंगला बसायचं. मी तणतणत त्यांच्या टेबलापाशी गेले आणि एक खोडायला लावली. निवृत्तीभाऊ मागे उभे होते. "राहू द्या मॅडम. तुमचं नाव खराब होईल."

मला रडू आलं, सरळ सांगते. हे मी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही.

*

तिसऱ्या गर्डरवर त्यांची दुसरी रिपेअर आली. या वेळी मशीनही बरोबर होतं आणि मीही. दोष सांध्याच्या डाव्या काठाला होता, म्हणजे वेल्डर बसतो तिथून त्याच्या डाव्या हाताला, जिथे वितळलेलं लोखंड प्लेटच्या कडेला धरायला हवं तिथे.

त्या संध्याकाळी मी चौदा नंबरचे सगळे जुने स्कॅन काढून बसले. मशीनचं हे एक बरं-वाईट आहे. माणूस विसरतो, ते विसरत नाही. गेल्या वर्षभराचे सांधे एकाखाली एक लावले. सगळे पास झालेले. पण मर्यादेच्या आतल्या बारीक बारीक खुणा होत्याच, आणि सगळ्या डाव्या काठाला. उजवीकडे एक नाही.

'मलाच दिसंना.' ते वाक्य तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी चहाला मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "निवृत्तीभाऊ, तुमच्या खुणा सगळ्या डावीकडेच का येतात?"

त्यांनी चहावर फुंकर घातली. मग म्हणाले, "मॅडम, ते मशीन लोखंड तपासतं का माणूस?"

"डाव्या डोळ्याने दिसतं का तुम्हाला?"

"धूर दिसतो. मोतीबिंदू हाय म्हणे."

"मग ऑपरेशन करा की! अहो, आजकाल एका दिवसात घरी सोडतात."

"करणार हाय. पण ऑपरेशन झालं की काही आठवडे वेल्डिंगच्या आर्कसमोर बसू देणार नाय. तोवर चौथा गर्डर दुसरा कोणी करील." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "हा एक होऊ द्या, मॅडम. या पुलाला शेवटपर्यंत माझा नंबर राहू द्या. मग डोळा काय, पंच पण तुमच्या टेबलावर आणून ठेवतो."

मी काय करायला हवं होतं? सोनवण्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ज्या खुणा होत्या त्या नियमात बसत होत्या आणि रिपोर्टमध्ये वेल्डरच्या डोळ्याला रकाना नाही, असं मी स्वतःला समजावलं. त्यांना एवढंच म्हटलं, "तुमचा प्रत्येक सांधा मी दोनदा स्कॅन करणार. मशीनला जरा जरी खटकलं तरी रेघ मारणार. तेव्हा हात जोडायचे नाहीत."

"मारा," ते म्हणाले.

तेव्हापासून मला भीती वाटत राहिली. पुलासाठी आणि त्यांच्यासाठीही. 

*

चौथ्या गर्डरचा शेवटचा सांधा. ट्रेलर गेटवर येऊन उभा होता. रंगाची माणसं ब्रश घेऊन बसलेली. निवृत्तीभाऊंच्या नावावर दोन रिपेअर होत्या हे शॉपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे मी गाडी चालवायला लागले तशी ग्राइंडर बंद झाली.

डोंगराकडून घेतलेला पहिला स्कॅन स्वच्छ. दुसरा उलट बाजूने, हायवेकडून घेतला. स्वच्छ! डावी कड तर इतकी साफ की मी तशी फार थोड्या वेळा पाहिली आहे. मला एवढा आनंद झाला की मी ओरडलेच, "निवृत्तीभाऊ, पास! डावी कडसुद्धा!"

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सोनवण्यांनी ट्रेलरवाल्याला हात केला. मी सही करायला फॉर्म काढला आणि नंबर बघायला वाकले.

सांध्याशेजारी नंबर नव्हता.

"पंच राहिला का हो मारायचा?"

निवृत्तीभाऊ पुढे आले. पंच त्यांच्या हातातच होता. त्यांनी सांध्याच्या मधोमध बोट ठेवलं. "मॅडम, इथं वीतभर मला काय दिसलं नाय."

"म्हणजे?"

"लोखंड वितळलेलं दिसतं ना, ते कडेला धरतंय का नाय ते बघत पुढं जायचं असतं. इथं नुसता धूर दिसला. हात अंदाजानं ओढला."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा, काही नाही इथे. दोन्ही वेळा. मशीनला काही दिसत नाही, म्हणजे भरलंय नीट. हात वळतोच तुमचा, तुम्हीच म्हणाला होता."

"असंल. पण मला दिसलं नाय."

सोनवणे धावत आले. काय चाललंय ते कळल्यावर त्यांनी निवृत्तीभाऊंचा दंड धरला आणि खाली आवाजात म्हणाले, "निवृत्ती, वेडा झालास का? उकरलंस तर तिसरी रिपेअर लागेल. नंबर जाईल तुझा. आज, या पुलावर! चांगला आलेला सांधा आहे तो, जाऊ दे ना बाबा."

"बहीण जाणार हाय रे त्याच्यावरून."

"अरे पण पास झालाय तो!" आता सोनवण्यांचा आवाज चढला आणि फाटलाही. "मशीन पास म्हणतंय. मॅडम पास म्हणतायत. तू कोण नापास करणारा?"

निवृत्तीभाऊंनी दंड सोडवून घेतला.

"चौदा नंबर," ते म्हणाले.

 सोनवणे माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी खिशातून पिवळा खडू काढला आणि निवृत्तीभाऊंच्या हातात दिला. ते गर्डरवर वाकले, डाव्या हाताने चाचपून जागा बघितली आणि सावकाश दोन रेघा मारल्या.